पंचफुलाचे लावे

"मरा! सगळे मरा एकसाथ! मंग तुमीबी मोकळे अन् मीबी मोकळा!"

सकाळचे ऊन अजून अंगणात पुरते उतरलेही नव्हते आणि टिकाराम निपाने ओसरीत उकिडवा बसून पिंजऱ्याशी भांडत होता. पिंजऱ्यात तीस-पस्तीस जपानी लावे चोची उघड्या टाकून धापत होते. एकेक पाखरू मुठीत मावेल एवढे, तपकिरी, अंगभर ठिपके. पंख अंगापासून दूर धरून ती सगळी भुईला पोट लावून बसली होती. टिकारामने आत हात घालून दोन मेलेली पाखरे बाहेर काढली, पालथ्या घमेल्यावर ठेवली आणि उरलेल्यांना पुन्हा सुनावले, "पानी देल्लं, दाना देल्ला, सावली देल्ली. आता का माह्या डोक्शावर बसता?"

लाव्यांना धापण्यातून सवड नव्हती.

दोन घरांच्या मधली भिंत छातीएवढी होती. तिच्यावरून देवकाबाईने डोके काढले. देवकाबाई शेजारीण. तिच्या नवऱ्याचे अड्याळच्या बाजारात किराणा दुकान होते, आणि कोष्टी मोहल्ल्यात कोणाच्या घरी काय शिजते इथपासून कोणाला ताप आहे इथपर्यंत तिला सगळे ठाऊक असायचे.

"का जी भाऊजी, आणखी गेले का?"

"गेले दोन."

"काल कुठं ठेवले होते?"

"मागाच्या खोलीत, वहिनी. दार-खिडकी लावली, भुई वली केली, चारी बाजूनं वले पोते लटकवले. थंडगार होती खोली."

देवकाबाईने कपाळावर हात मारला. "अवो, सूत आहे का ते? पाखरू आहे! त्याले हवा नाई लागत? वाफेत शिजवले तुमी त्याइले!"

टिकारामने मान खाली घातली. चूक अगदी कोष्ट्याची होती. उन्हाळ्यात कोरडी हवा लागली की मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा पटापट तुटतो. म्हणून कोष्टी दार-खिडक्या लावून घेतो, भुईवर पाणी शिंपडतो आणि दमट अंधारात विणत बसतो. उभा जन्म टिकारामने हेच केले होते. काल नवतपा लागला, पाखरे धापायला लागली, तेव्हा त्याने सुताला जे केले असते तेच पाखरांना केले. सूत असते तर त्याने दुवा दिला असता.

"पंचफुला असती त..." देवकाबाई म्हणाली आणि तिथेच थांबली. मग उगाच पदर सारखा करत म्हणाली, "गूळ-मिठाचं पानी ठेवा. अन् दाना दुपारी नोका देऊ. दाना खाल्ल्यावर आणखी गरम होते अंग." आणि ती आत निघून गेली.

पंच्याऐंशी सालचा तो नवतपा. मे महिन्याच्या शेवटाला रोहिणी नक्षत्र लागले की पहिले नऊ दिवस भंडाऱ्याकडे सूर्य कोणाचे काही ऐकत नाही. दहा वाजले की गल्लीत कुत्रेसुद्धा दिसत नाही, छपराचे कवेलू तापून घरात भाजल्यासारखे होते, आणि सकाळी भरलेल्या घड्यातले पाणी दुपारी कोमट लागते. या नऊ दिवसांतला हा दुसरा दिवस होता. सात अजून बाकी होते.

ही पाखरे टिकारामची नव्हतीच. ती पंचफुलाची, त्याच्या बायकोची.

दोन वर्षांपूर्वी पंचायत समितीने बायकांसाठी भंडाऱ्याला कसलेसे शिबिर घेतले. पंचफुला गेली आणि येताना एसटीतून खोका मांडीवर घेऊन आली. खोक्याला भोके पाडलेली. आतून बारीक चिवचिव. टिकाराम मागावर बसला होता. त्याने धोटा थांबवला आणि विचारले, "हे का आणलं?"

"लावे. जपानी."

"जपानी? अन् इकडे कायले आले मरायले?"

"पाच-सहा हप्त्यात अंडी देते म्हणे. कोंबडीपेक्षा लवकर."

"अवं, कोष्ट्याच्या घरात माग असते. पाखरं नसते."

"मागानं पोट भरते का आता?" पंचफुला म्हणाली. "सगळ्या गावाले लुगडे नेसवले तुमी. अन् तुमची बायको मिलचं पातळ नेसून फिरून राहिली. लोक हासते."

खरेच, त्याच्या मागावरचे एकही लुगडे कधी तिच्या अंगावर पडले नव्हते. तुरीवरून, म्हणजे विणलेले कापड गुंडाळायच्या दांड्यावरून, उतरले की ते बाजारात जायचे आणि पंचफुला स्वस्तातले मिलचे पातळ घ्यायची. म्हणून त्याने पाखरांविषयी बोलणे सोडून दिले, मात्र त्यांच्याकडे पाहून नाक मुरडायचे सोडले नाही.

लावे वाढले, अंडी द्यायला लागले. ठिपक्यांची, बोराएवढी, दिसायला मोठी सुरेख. पण एक पंचाईत झाली. या जातीच्या माद्या अंडी देतात आणि विसरतात. उबवायला बसणे त्यांना माहीतच नाही. पंचफुलाने दोन दिवस वाट पाहिली, मग अंडी ओच्यात घालून देवकाबाईकडे गेली आणि तिच्या खुडुक कोंबडीखाली ठेवून आली. निघालेली पिल्ले निम्मी तुझी, निम्मी माझी, असा ठराव झाला. पिल्ले निघाली तेव्हा अंगठ्याएवढी. देवकाबाईची कोंबडी त्यांच्याकडे कितीतरी वेळ एका डोळ्याने पाहत राहिली. पंचफुला पोट धरून हसली होती. तिचे हसणे ऐकून टिकाराम मागावरून उठून बाहेर आला होता, आणि हसू आले तरी त्याने ते मिशीत दाबले होते.

मग माघ महिन्यात पंचफुलाला कावीळ झाली. झाडपाला झाला, भंडाऱ्याचा दवाखाना झाला. पंधरवड्यात ती गेली. शेवटच्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले, टिकाराम पुढे वाकला, आणि ती म्हणाली, "पाखराइले पानी ठेवजा."

त्यानंतर ती काही बोलली नाही. टिकारामला याचा राग आला होता आणि तो राग अजून गेला नव्हता. एवढा संसार केला, आणि जाताना हिला नवऱ्याला सांगायला दुसरे काही सुचू नये? तुमी जेवजा, एवढे तरी म्हणायचे. तो रोज सकाळी पाणी ठेवायचा आणि रोज सकाळी पाखरांना शिव्या द्यायचा. त्या शिव्या कोणाला होत्या ते त्यालाही कळत होते.

आता मागाची गोष्ट. कोष्ट्याचा माग एकट्याने चालत नाही. नवरा विणतो आणि बायको चरख्यावर कांड्या भरते. कांडी म्हणजे बोटभर नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचे, ती धोट्यात बसवायची, धोटा इकडून तिकडे फेकायचा, की आडवा धागा पडत जातो. कांड्या संपल्या की माग थांबला. म्हणून बायको गेलेल्या कोष्ट्याचा माग बहुधा थांबतोच.

पंचफुला आजारी पडण्याआधी दोघांनी एक लुगडे लावले होते, तिच्यासाठी. लाव्यांवरून झालेल्या भांडणाचे ते उशिरा आलेले फळ. सूत तिने स्वतः अंगणात मोठ्या पातेल्यात डाळिंबी रंगात रंगवले. टिकाराम म्हणाला होता, "रंग कच्चा आहे, सुटन." ती म्हणाली होती, "सुटू द्या. माह्याच अंगावर सुटन न." मग ती चरख्यावर बसली आणि हौसेहौसेने सगळ्या लुगड्याच्या कांड्या एकदमच भरून टाकल्या. टोपले शिगोशीग भरले.

ती गेल्यावर महिनाभर टिकाराम मागाकडे फिरकला नाही. मग एक दिवस तो मागाच्या खड्ड्यात उतरला, टोपल्यातली एक कांडी घेतली, धोट्यात बसवली आणि विणली. दोन-तीन बोटे कापड झाले. तो उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कांडी. तेव्हापासून असेच चालले होते. रोज जेवण झाले की एक कांडी, जास्त नाही. कधी कधी हात आपोआप दुसऱ्या कांडीकडे जायचा, तो मागे घ्यायचा. हे सूत पंचफुलाच्या बोटांतून गेलेले होते. टोपले रिकामे झाले की तिच्या हातचे असे घरात काही उरणार नव्हते. देवकाबाईने एकदा विचारले होते, "मी भरून देऊ का जी कांड्या?" तो "नोको" म्हणाला, आणि इतक्या घाईने म्हणाला की तिने पुन्हा विचारले नाही.

एप्रिलात त्याची मुलगी शोभा तुमसरहून आली होती. तिने घर झाडले, भांडी घासली, वडिलांकडे पाहून डोळे पुसले आणि मागाजवळ उभी राहून विचारले, "बाबा, हे लुगडं कोणासाठी विनून राहिले?"

"कोणासाठी नाई."

"मंग?"

"मंग का? माग खाली ठेवू का?"

"माह्यासंग चाला तुमसरले. पाखरं देवकाकाकूले देऊन टाका. तुमाले कुठं आवडते ते?"

"नाई आवडत."

"मंग कायले पाळून राहिले?"

टिकारामने तिची पिशवी उचलली. शोभाच्या बसची वेळ झाली होती. तो तिला स्टँडवर सोडायला गेला, बस दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला आणि घरी येऊन पाखरांना म्हणाला, "गेली पोट्टी. आता आपुनच." ते वाक्य ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला, कारण 'आपुन' म्हणायला घरात दुसरे माणूस नव्हते.

नवतप्याच्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने सगळे करून पाहिले. ओसरीच्या कवेलूंवर धानाची तणस अंथरली आणि तिच्यावर बादल्या ओतल्या. गूळ-मिठाचे पाणी ठेवले. दाणा काढून घेतला. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ओले पोते लावले, दुसरी बाजू हवेला मोकळी ठेवली. हातपंख्याने वारा घालून घालून खांदा भरून आला. पण पंख्याने येत होती तीही गरमच हवा. पोते बघता बघता वाळायचे. आणखी एक पाखरू गेले, मग आणखी एक. मरताना ते ओरडले नाही की फडफडले नाही. धापणे थांबले, एवढेच.

भाकर खाल्ली न खाल्ली करून तो रोजच्यासारखा मागाच्या खोलीत गेला. कांडीची वेळ झाली होती. दार उघडेच ठेवले, मागावर बसला आणि पाय खड्ड्यात सोडले.

हातमागाला भुईत खड्डा असतो. त्यात पावड्या लोंबतात, त्या पायाने दाबायच्या. कमरेएवढा खोल, चारी बाजूंनी मातीने सारवलेला. टिकारामचे पाय त्यात आयुष्यभर होते, त्यामुळे तो खड्डा त्याला कधी दिसायचाच नाही. आज त्याच्या पिंढऱ्यांना गार लागले. वर डोक्यावर कवेलू आग ओकत होते, मानेवरून घाम वाहत होता आणि पोटऱ्यांना माती थंड लागत होती. पहाटेच्या शेतासारखी थंड.

त्याला सगळे तत्क्षणी कळले. आणि न कळल्यासारखे करून त्याने धोट्यात कांडी बसवली.

कारण त्यापुढचेही त्याला कळले होते. पाखरे खड्ड्यात ठेवायची तर पावड्या सोडाव्या लागतील. पावड्या सोडल्या की ताणा ढिला पडणार. वरती असा दोन-अडीच हात रुंद ताणा पसरलेला असताना खड्ड्यात पाणी ठेवणार कसे, घाण काढणार कशी? लुगडे जेमतेम निम्म्याच्या पुढे गेले होते. टोपल्याच्या तळाशी अजून कांड्या होत्या. त्याने हिशेब कधी केला नव्हता, पण त्यांवर पावसाळा निघाला असता, कदाचित दसरासुद्धा.

त्याने विणायला घेतले. कधी नव्हे इतके हळू. धोटा टाकायचा, फणी ओढायची, थांबायचे. ओसरीतून पाखरांची बारीक हालचाल ऐकू येत होती. मग ती येईनाशी झाली. टिकारामचा हात फणीवर तसाच राहिला. त्याने कान दिला. काहीच नाही.

"अरे बाप्पा," म्हणत तो उठला आणि बाहेर धावला.

तीन पाखरे आडवी पडली होती. बाकीची डोळे मिटून बसली होती. पहिल्या दिवशी खोक्यातून आलेली, एक डोळा अधू असलेली म्हातारी लावी चोच वर करून हवा शोधत होती. पंचफुला तिला सासू म्हणायची. टिकारामने पिंजरा तसाच उचलला आणि मागाच्या खोलीत आणला.

अजूनही त्याला वाटत होते, दोन्ही साधेल. पावड्या बाजूला सरकवून ठेवू, पाखरे खालून आत सोडू, ताणा राहील वर. त्याने वाकून सासूला पहिली आत ठेवली. गार माती लागताच लावीला हुशारी आली, आणि घाबरलेला लावा जे करतो ते तिने केले. ती सरळ वर उडाली. डोके ताण्यावर आदळले, पाय धाग्यांत शिरले, आणि ती तिथेच उलटी लटकून फडफडायला लागली. जितकी फडफडे तितका धागा पायात रुते. टिकारामने बोटांनी सोडवायचा प्रयत्न केला. ताणा खळ लावून कडक केलेला, घट्ट ओढलेला. पायाशी रक्त दिसले.

"थांब, थांब माय, हालू नोको," तो म्हणत होता. त्याची बोटे चाळीस वर्षे तुटलेला धागा सांधत आली होती. धागा तोडायचा कसा ते त्यांना सुचेना.

शेवटी त्याने खुंटीवरचा चाकू घेतला. मूठभर धागे एकदम कापले. पाखरू त्याच्या तळहातावर पडले. ते त्याने छातीशी धरले, आणि दुसऱ्या हातात चाकू तसाच. कापलेल्या जागी ताण्यात खिंडार पडले होते आणि धाग्यांची टोके दोन्हीकडे मागे सरकत होती.

पिंजऱ्यात बाकीची पाखरे होती.

"पाखराइले पानी ठेवजा म्हने," टिकाराम मोठ्याने म्हणाला. "फक्त पाखराइले. माह्यासाठी एक शब्द नाई निंगाला तुह्या तोंडातून. आता पाहाय, का करून राहिलो मी!"

आणि त्याने डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत ताणा कापून टाकला. धागे तुटताना बारीक बारीक आवाज होत गेला. मग तो भुईवर बसला आणि पोरासारखा रडला. पंचफुला गेली त्या दिवशी चार माणसे होती, सगळ्यांचे चहापाणी होते, त्यात रडणे राहून गेले होते. ते आज झाले. सासू त्याच्या हातात धापत होती आणि तिचे काळीज त्याच्या बोटांना लागत होते, म्हणून तो फार वेळ रडत बसू शकला नाही.

त्याने पावड्या उपटल्या. खड्डा झाडला, तळाशी वाळू आणि धानाचा कोंडा टाकला, कडेला पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवले. एकेक पाखरू आत सोडले. ती उड्या मारू लागली, तेव्हा वरून काहीतरी झाकणे भाग होते. पोते टाकले तर कालच्यासारखी वाफ होणार. फळी टाकली तर डोकी फुटणार. त्याने खोलीभर पाहिले. तुरीवर डाळिंबी लुगडे गुंडाळलेले होते. पातळ, हवा खेळेल असे, ताणून लावले तरी मऊ.

तुरीवरून ते उलगडायला त्याला वेळ लागला. रोजची दोन-तीन बोटे तो सोडवत गेला. काही ठिकाणी वीण घट्ट होती, काही ठिकाणी ढिली. ज्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हते ते दिवस त्याला ओळखू येत होते. मग त्याने लुगडे बादलीत बुडवले, पिळले आणि घडी करून खड्ड्यावर ताणून चार खुंट्यांना बांधले. रंग सुटला. डाळिंबी थेंब खाली पाखरांच्या पाठीवर टपटपू लागले.

ऊन कलले तेव्हा देवकाबाई आली. हातात झाकलेली वाटी होती. दारात उभी राहून तिने पाहिले. कापलेला ताणा दोन्हीकडे लोंबत होता, आणि टिकाराम भुईवर बसून लुगड्यावर पाणी शिंपडत होता.

"भाऊजी! हे का केलं जी? पंचफुलाचं लुगडं!"

"तिचीच पाखरं आहे," तो म्हणाला.

देवकाबाई जवळ येऊन बसली. लुगड्याची कड उचलून तिने आत डोकावले. खाली गार अंधारात लावे पाय पसरून पडले होते, चोची मिटलेल्या. सगळ्यांच्या पाठी गुलाबी झाल्या होत्या. एक नर मान उंच करून घोगरा ओरडला. देवकाबाईला हसू फुटले. "अवो, हे त लग्नाचे वऱ्हाडी दिसून राहिले!" म्हणाली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

टिकारामही हसला.

"किती उरले?" तिने विचारले.

"पुष्कळ उरले. म्हातारीबी आहे."

"बरं झालं." तिने वाटी त्याच्याकडे सरकवली. "कैरीचं पन्हं आहे. घ्या." तो पिईपर्यंत ती मागाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता नाई वाजणार न हा?"

"का?"

"माग. रोज दुपारी थोडा वेळ वाजे. मी भिंतीच्या तिकडे पडून आयकत जाओ. तो वाजला म्हंजे मले समजे, भाऊजी जेवले, भाऊजी बरे आहेत. मंग मले झोप लागे." ती थांबली. "आता कसं समजन जी मले?"

इतके दिवस आपण एकटेच विणतो आहोत असे टिकारामला वाटत होते. त्याने वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. वाटी रिकामी होती.

"हाक मारत जा, वहिनी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा खोलीत उजेड नुकता येत होता. सवयीने तो मागाजवळ गेला, सवयीने बसला आणि पाय खड्ड्यात सोडायला लागला. पायांना ताणलेले लुगडे लागले आणि त्याच्या लक्षात आले. त्याने ते वर ओढून घेतले. पाय कुठे ठेवावेत ते त्याला काही वेळ सुचले नाही. मग मांडी घालून तो काठावर बसला. लुगड्याखाली पाखरे दाणे टिपताना ऐकू येत होती.

भिंतीपलीकडे पाणी भरायचा आवाज झाला, कळशी खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि हाक आली.

"भाऊजी! आहा का जी?"

टिकारामने तोंड उघडले. पण सकाळी उठल्याबरोबर माणसाशी बोलायची सवय मोडली होती, गळ्यातून शब्द निघाला नाही. देवकाबाई पलीकडे थांबलेली आहे हे त्याला कळत होते.

त्याने घसा खाकरला.

"आहो," तो म्हणाला, आणि ते फार हळू झाले असे वाटून पुन्हा, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने, "आहो, वहिनी!"

मग रात्रभरात वाळून कडक झालेले लुगडे त्याने खुंट्यांवरून सोडवले, पाखरे बाहेर पडू नयेत म्हणून दार ओढून घेतले आणि ते ओले करायला विहिरीवर घेऊन गेला.